फळीवरचे आकडे

गणेश चवथीच्या आधीच्या रविवारी आई नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, करायला बसली आणि सवयीने म्हणाली, "जरा ती माळ्यावरची फळी काढून दे गो." मी आदोळीवर नारळ खवत होते, हात तिथल्या तिथे थांबला. फळी कुठून काढून देणार, तिचं टेबल होऊन तीन आठवडे झाले होते, वसरीत खिडकीखाली उभं होतं ते, आणि आईला माहीत नव्हतं असंही नाही, रोज संध्याकाळी तिचा चहाचा कप त्याच्यावरच असतो. तिलाही लगेच आठवलं. "अगो हो," म्हणाली, उठली आणि वसरीत गेली. मला वाटलं आता टेबलावरच पंचा घालून नेवऱ्या मांडायचा विचार असेल. पण ती एक हात टेबलावर टेकून वाकली, गुडघा दुखतो तिचा, तरी वाकली, खालून वरून निरखून बघितलं आणि विचारलं, "ह्यांच्या हातचे पेन्सिलीचे आकडे होते ना गो हिच्यावर? ते कुठे गेले?"

"पॉलिश पेपर मारताना गेले असतील," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली. परत येऊन पाटावर बसली आणि पिठाचे गोळे करायला लागली. त्या विषयावर तिने पुढे चकार शब्द काढला नाही, नेवऱ्या स्टीलच्या ताटांत मांडल्या, गणपती आले, वर फळा-पानांची माटोळी बांधली, आरत्या झाल्या, विसर्जन झालं. आता होळीचा शिगमा तोंडावर आलाय. म्हणजे सहा महिने झाले आणि तरी टेबलाजवळून जाताना तो प्रश्न मला रोज ऐकू येतो. कारण "गेले असतील" हे खरं नव्हतं. ते जाताना मी पाहिले होते.

ती फळी मी कळायला लागल्यापासून बघत आले. चार फूट लांब, अकरा इंच रुंद, सव्वा इंच जाड. विहिरीमागचा फणस वादळात आडवा झाला तेव्हा बाबांनी बुंधा सॉ मिलवर नेऊन फळ्या पाडून आणल्या होत्या, त्यातल्या काहींची कपाटाची दारं झाली, काहींचे पाट झाले, आणि ही एक उरली ती माळ्यावर गेली. तेव्हा माळ्याखाली चूल होती. धूर खाल्लेल्या लाकडाला कीड लागत नाही म्हणून घरोघरी लाकूड असंच चुलीवरच्या माळ्यावर पडून असायचं. मग गॅस आला, चूल गेली, फळी मात्र तिथेच. वर्षातून एकदा, चवथीला, ती खाली उतरायची. ओल्या फडक्याने पुसून दोन पाटांवर आडवी टाकायची, मधे पंचा अंथरायचा आणि त्याच्यावर नेवऱ्या ओळीने, मुरड वर करून. आई एका टोकाला बसायची, मी दुसऱ्या. आकडे तिच्या टोकाला होते, पंच्याच्या बाहेर. मला ते उलटे दिसायचे. इतकी वर्षं त्या फळीसमोर बसले मी, पण उठून पलीकडे जाऊन ते आकडे सुलटे कधी वाचले नाहीत.

टेबल करायचं कारण साधं होतं. आई वसरीत खिडकीशी खुर्ची टाकून बसते, तिथून रस्ता दिसतो, देवळाकडे जाणारी माणसं दिसतात, पण कप ठेवायला जागा नव्हती, ती तो जमिनीवर ठेवायची आणि उचलताना वाकायची. आधी मी एक बाजारातलं टेबल आणलेलं, भुसा दाबून केलेल्या बोर्डचं, वर लाकडाची चित्रं छापलेला कागद. एका पावसाळ्यात त्याच्या कडा चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या फुगल्या. गोव्यात पाऊस आम्ही इंचांनी मोजतो, शंभरी कधी गाठली ह्याची पेपरात बातमी येते, आणि त्या हवेत असल्या बोर्डाचा टिकाव लागत नाही. तेव्हा मनात आलं की घरात लाकूड आहे, बाबांची हत्यारं आहेत, शनिवार-रविवार आहेत, मग मीच का नाही करायचं. फळी खाली काढताना मी आईला विचारलं होतं. "घे," म्हणाली ती. एवढंच म्हणाली.

पायांसाठी जुन्या छपराचे वासे होते. बाबा असतानाच कौलं उतरवून स्लॅब घातली, त्यातले मट्टीचे चार-पाच वासे गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेले. मट्टी म्हणजे आपला राज्यवृक्ष, घाटावर ज्याला ऐन म्हणतात तो, साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. लाकूड इतकं घट्ट आणि जड की करवत अर्ध्यावर गेली की हात भरून यायचे. त्यात छपराचं लाकूड, म्हणजे आत खिळे. जिथे खिळा तिथे भोवतीचं लाकूड शाई सांडल्यासारखं काळं पडलेलं असतं, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून ते होतं, आणि हे कळल्यावर मी काळे डाग शोधून खिळे उपटत गेले. तरी एक मोडका खिळा आत राहिलाच. रंध्याच्या पात्याला दात पडला. तो आवाज अजून अंगावर येतो, खट् असा, आणि मग पुढच्या प्रत्येक हाताबरोबर लाकडावर एक उंच रेघ उमटत जाते.

आमच्या वाड्यावर एक म्हातारे मेस्त, म्हणजे सुतार, आहेत. आता काम करत नाहीत, हात थरथरतो. पातं घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते उजेडात धरलं, दात बघितला, आणि धारेच्या दगडावर पाणी मारून घासायला लागले. पातं दगडाला टेकलं की त्यांचा हात थरथरत नव्हता. जवळजवळ पाऊण तास घासलं असेल त्यांनी, मधे मधे अंगठ्याने धार बघत. मला म्हणाले, "आदीं रेशा पळय बाय. मागीर रंदो मार. घाय करूं नाका." म्हणजे लाकडाचा रेषा कुठल्या दिशेला उतरतो ते आधी बघायचं, मग रंधा. मांजराला उलटं कुरवाळलं की कसे केस उभे राहतात तसंच लाकडाचं, उलट्या रेषेने ओढलं की ते चरचरत उखडतं. फणसात तर रेषा एकाच फळीतही दिशा बदलतो, अर्धी फळी इकडून मारायची, अर्धी तिकडून.

आणि मग तो दिवस.

आषाढ लागला होता, बाहेर पाऊस आणि वसरीत मी, फळी दोन स्टुलांवर दोरीने आवळून बांधलेली. वरून ती धुराने काळी-करडी, हात लावला तर जुन्या तव्यासारखी. नवी धार केलेलं पातं, रंधा ठेवला आणि एका दमात ढकलला. करड्या सालीखालून पिवळं लाकूड निघालं. पिकलेल्या गऱ्यासारखं पिवळं. इतकी वर्षं माळ्यावर असूनही आत तसंच. वास आला, तोही फणसाचाच, गोडसर, जरासा तुरट. ह्याच लाकडाच्या भुशातून रंग काढून ब्रह्मदेश-थायलंडकडचे भिक्षू चीवरं रंगवायचे, तंजावरची वीणा ह्याच लाकडाची करतात, हे सगळं मी वाचलेलं होतं पण माझ्या स्वतःच्या वसरीत, माझ्या हाताखाली ते असं उघडं पडेल ह्याची काही कल्पना नव्हती. मग मी थांबलेच नाही. एका बाजूने अर्धी, दुसऱ्या बाजूने अर्धी, वळ्यावळ्यांचे छिलके पायाशी पडत गेले, पावसाचा आवाज, रंध्याचा सर्र आवाज, घाम, खांदा दुखत होता आणि थांबावंसं वाटत नव्हतं. बाबा गेल्यानंतरच्या सहा वर्षांत मी इतकी सलग कशात रमले नव्हते.

फळी उलटली, दुसरी बाजू घेतली. टोकाकडून एक वीतभर आत आले असेन, एक छिलका वर आला त्याच्यावर करड्या बारीक रेघा होत्या. मी तो उचलला. उजेडाकडे धरला. पेन्सिलीचं काहीतरी लिहिलेलं, अर्धं कापलं गेलेलं, आणि छिलका गुंडाळलेला, उलगडायला गेले तर मोडला. फळीकडे बघितलं, तिथे अजून एका आकड्याचा खालचा भाग शिल्लक होता. मला ते आकडे आहेत हे कळलं होतं. कुणाचे हेही कळलं होतं, घरात दुसरं कोण पेन्सिलीने फळीवर लिहिणार. आणि मी पुढचा हात मारला.

का मारला ह्याचं उत्तर मी खूपदा शोधलंय. रागाने नाही, घाईनेही नाही. तो पिवळा रंग मला पूर्ण हवा होता. मधेच करडं बेट राहिलेलं नको होतं. त्या क्षणी मला बाबांच्या अक्षरापेक्षा लाकूड जास्त हवं होतं, हे असं लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

पुढचं काम दीड महिना चाललं. फळीची दोन्ही टोकं चिरलेली होती, लाकूड वाळताना टोकं आधी वाळतात आणि तडकतात, ती दोन-दोन इंच कापून काढली आणि न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणाखाली जाळली. उरलेल्या फळीचे दोन तुकडे करून कडेला कड चिकटवली तेव्हा वीस-एकवीस इंचांचा चौकोन मिळाला. फेव्हिकॉल लावून क्लॅम्प आवळले आणि पूर्ण दिवस हात लावला नाही. पायांत पट्ट्या बसवायला खाचा आणि त्यांत बसणारी पट्ट्यांची टोकं, म्हणजे कुसू, आठ खाचा, आठ कुसू, मट्टीत एक खाच पटाशीने कोरायला मला पहिल्यांदा तास-सव्वातास लागला, शेवटची पंचवीस मिनिटांत झाली. वरचा भाग खाली पक्का स्क्रूने आवळणार होते तर मेस्त नको म्हणाले, भोकं लांबट कर म्हणाले. लाकूड लांबीत वाढत नाही, रुंदीत वाढतं, पावसात फुगतं, वैशाखात आकसतं, आपल्याकडची दारं जून-जुलैत चौकटीत अडकतात ती ह्यामुळेच, आणि त्याला जागा दिली नाही तर ते स्वतःची जागा स्वतः करून घेतं, मधोमध तडा देऊन. लांबट भोकांतून स्क्रूला सरकायला वाव राहतो. हे मला फार आवडलं. टेबल उभं आहे, घट्ट आहे, आणि तरी ते दरवर्षी पाव इंचाच्या आत कुठेतरी श्वास घेतंय.

पॉलिशचं मात्र मी चुकीच्या महिन्यात धरलं. चपडा लाख आणून स्पिरिटमधे विरघळवली, रात्रभर भिजत ठेवली, सकाळी मधासारखा रंग आलेला. पळस-बोराच्या झाडांवरचे बारीक किडे ती लाख तयार करतात, आणि आपल्या कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या रंगीत लाख चढवूनच लाकूडकाम केलं, लहानपणी ज्या पाळण्यात झोपले त्याच्या दांड्यांवरचे लाल-पिवळे पट्टे मला अजून आठवतात. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, आत कापूस, त्याची पुरचुंडी लाखेत बुडवून पिळायची आणि लांब हात फिरवायचा, पुरचुंडी अडायला लागली की तेलाचा एक थेंब. हे सगळं मी व्हिडिओ बघून करत होते, पण त्यातली माणसं कोरड्या देशातली, त्यांची लाख दहा मिनिटांत वाळते. इथे माशेलात त्या आठवड्यात चिखलकाला होता, देवकीकृष्णाच्या मैदानात पोरं चिखलात लोळत होती, हवा पिळली तर पाणी निघेल अशी. दुसरा हात दिला आणि बघता बघता टेबलावर पांढुरकं धुकं आलं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं आणि लाखेत अडकतं. मी रडायच्या बेतात होते. आई आली, बघितलं, म्हणाली, "श्रावणात ऊन पडेल तेव्हा बघ. आता झाकून ठेव आणि जेवायला ये."

श्रावणात पडलं. सलग तीन दिवस. नुसत्या स्पिरिटची जेमतेम ओली पुरचुंडी हळूच फिरवली आणि धुकं गेलं, डोळ्यांसमोर गेलं, खालून तो रंग परत वर आला. मग एकेक दिवसाआड पातळ हात देत गेले, मधे ३२० नंबरचा पेपर अलगद. नारळीपौर्णिमेच्या सुमारास टेबल वसरीत मांडलं. आईने त्याच्यावर तळहात फिरवला, दोनदा, आणि म्हणाली, "तुझे बाबा असते तर शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं असतं."

त्यानंतर तीन आठवड्यांनी तिने तो प्रश्न विचारला.

चवथ झाल्यावर मी एक वेड्यासारखं काम केलं, उरलेला तुकडा शोधला. फळीची चार इंच रुंदीची एक पट्टी मी पॉलिश तपासायला ठेवली होती, ती वॉशिंग मशीनमागे सापडली. एका बाजूला लाखेचे वेगवेगळे हात, दुसऱ्या बाजूला रंधा मारायचा राहिलेला, माळ्याचा काळा धूर जसाच्या तसा. खिडकीत नेऊन तिरकी धरून बघितली, मोबाईलचा टॉर्च मारून बघितली. पेन्सिलीचं काही नव्हतं. भावाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला खिडक्यांची मापं असणार, नव्या खोलीच्या वेळची, सुतारासाठी लिहिलेली. आईला वाटतं नारळांचा हिशेब, पाडेली यायचा तेव्हा बाबा हाताशी असेल त्याच्यावर मोजणी लिहायचे, दारावर, पाटावर, कॅलेंडरवर. पण मला त्या मोडलेल्या छिलक्यावर दोन उभ्या रेघा बघितल्यासारख्या वाटतात. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर, जुन्या पद्धतीने लिहायचे, साडेतीन म्हणजे ३॥, सव्वादोन म्हणजे २।, आम्हाला रात्री पावकी, निमकी, पाऊणकी म्हणायला लावायचे, सवायकीपाशी माझी झोप अनावर व्हायची. दोन उभ्या रेघा असतील तर तो अर्धा. आणि नारळ कुणी अर्धे मोजत नाही. म्हणजे मापं. पण कसली? शिवाय त्या रेघा खरंच बाबांच्या होत्या की सॉ मिलच्या करवतीच्या, हे तरी आता कुणाला विचारू.

त्यांचं अक्षर घरात दुसरीकडे नाही असं नाही. डायऱ्या आहेत, वीजबिलांच्या पाठी आहेत, माझ्या सातवीच्या वहीवर सही आहे. एकदा सगळं काढून बसले होते. पण ते सगळं जपून ठेवलेलं आहे, कपाटात, पिशव्यांत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. फळीवरचं कुणी जपलेलं नव्हतं. ते पिठाच्या हातांजवळ राहून आपोआप टिकलं होतं. ओल्या फडक्याने दरवर्षी पुसूनही.

दिवाळीनंतर एकदा मी आईला खरं सांगितलं. म्हटलं, आई, ते मला दिसले होते, तरी मी रंधा मारला. ती शेंगा सोलत होती. थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "मी काय ते वाचत नव्हते गो. नेवऱ्या ठेवताना समोर दिसायचे, एवढंच." मग आणखी दोन शेंगा सोलून म्हणाली, "टेबल चांगलं झालंय." दोन्ही वाक्यं तिने एकाच आवाजात म्हटली. मला पहिल्याने वाईट वाटलं आणि दुसऱ्याने बरं वाटलं, आणि आजही त्या टेबलावर हात टेकला की दोन्ही एकदम होतं. कडेवरून बोट फिरवलं की मला मनापासून आनंद होतो, ती कड मी केलीय, आठही सांधे घट्ट आहेत, भर पावसाळ्यात कुठे तडा नाही. आणि खाली हात घातला की तिथेही गुळगुळीत लागतं.

शिगम्याच्या आधीची साफसफाई म्हणून परवा मी टेबल पुसायला घेतलं. आईचा औषधांचा गोल स्टीलचा डबा त्याच्यावर डाव्या कोपऱ्यात असतो, पहिल्या दिवसापासून तिथेच, तिची ती जागा ठरलेली. डबा उचलला आणि खाली एक गोल होता, लख्ख पिवळा. फणसाचं लाकूड उजेडाने गडद होत जातं, हे मला माहीत होतं, पण रोज बघताना बदल लक्षात येत नाही. बाकीचं टेबल एव्हाना पिकल्या पानाच्या तांबूस रंगाला आलंय, आणि डब्याखालचा तेवढा भाग आषाढातल्या त्या दुपारच्या रंगाचा राहिलाय.

आई खुर्चीत बसून बघत होती. "डाग पडला?"

"डाग नाही. ऊन लागलं नाही तिथे."

"पेपर मारून काढणार आता?"

मी नाही म्हटलं.

"मग डबा होता तिथेच ठेव," ती म्हणाली, आणि रस्त्याकडे बघायला लागली. मी फडकं खांद्यावर टाकलं, डबा दोन्ही हातांनी धरला आणि त्याची कड त्या गोलावर नीट जुळेपर्यंत जरा जरा सरकवत राहिले.